थकलेलं कर्ज आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स: अर्जाआधी, अर्जात आणि नंतर काय करायचं

व्हर्जिनियातल्या चँटिली-हर्नडन पट्ट्यात किंवा मेरीलँडमधल्या फोर्ट मीडच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत हा विषय सहसा उघडपणे निघत नाही. नवी नोकरी चांगली असते, पगार चांगला असतो, पण ऑफर लेटरच्या तळाशी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, मिळण्याची अट असते. आणि मागच्या ले-ऑफच्या काळात थकलेली दोन क्रेडिट कार्डं अजून वसुली एजन्सीकडे पडून असतात. मंडळाच्या गणपतीत भेटलेला एखादा काका सांगतो, "गप्प बस, सात वर्षांनी रिपोर्टमधून आपोआप जातं." दुसरा सांगतो, "एक जरी कलेक्शन निघालं तरी नाव कट." दोघांचंही चूक आहे, पण पहिल्या काकांचा सल्ला जास्त महागात पडतो.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ. क्लिअरन्स फक्त अमेरिकन नागरिकाला मिळतो. ग्रीन कार्डवर किंवा एच-१बीवर असाल तर मर्यादित प्रवेशाचा एक दुर्मीळ अपवाद सोडला तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. आणि स्वतःहून अर्जही करता येत नाही. कंपनीने किंवा सरकारी खात्याने तुमचं नाव पुढे केलं तरच फॉर्मची लिंक येते. पुढचं सगळं प्रामुख्याने संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. सैनिक आणि सरकारी कर्मचारी यांना निकष तेच लागतात, सुनावणीची पद्धत मात्र वेगळी असू शकते.

नियम काय बघतो

८ जून २०१७ पासून सगळ्या खात्यांना लागू असलेला दस्तऐवज म्हणजे 'सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डायरेक्टिव्ह ४'. त्यात ए ते एम अशी तेरा कलमं आहेत. पैशाचं कलम 'गाइडलाइन एफ'. त्यात कुठेही डॉलरचा आकडा नाही. पाच हजार थकले तर चालेल आणि पन्नास हजार थकले तर नाही, अशी रेषा नाही. क्रेडिट स्कोअरचीही अट नाही. ६४० चा स्कोअर असलेल्याला क्लिअरन्स मिळू शकतो आणि ७८० वाल्याने तीन वर्षं टॅक्स रिटर्न भरला नसेल तर तो अडकू शकतो.

सरकारची भीती दुहेरी आहे. एक सरळ आहे: पैशाच्या अडचणीतला माणूस गुपित विकू शकतो. ही भीती हवेतली नाही. नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम केलेल्या रोनाल्ड पेल्टनने १९७९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली, आणि जानेवारी १९८० मध्ये तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत चालत गेला. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने १९८५ मध्ये पहिल्यांदा पैसे मागितले तेव्हा त्याच्यावर घटस्फोट आणि कर्ज यांचं ओझं होतं. पुढे त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोख घेतलं. त्याच्या पगारात न बसणारा तो थाट कुणाच्या वेळीच लक्षात यायला हवा होता, हे १९९४ मध्ये तो पकडला गेल्यावर सगळ्यांना कळलं. म्हणून या कलमात 'अनाकलनीय श्रीमंती' हाही आक्षेपाचा मुद्दा आहे.

दुसरी भीती रोजच्या प्रकरणांत जास्त कामाची. बहुतेक अर्जदार काही विकणार नसतात, हे निर्णय देणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला बघायचं असतं की हा माणूस शब्द दिल्यावर पाळतो का, कुणी मागे लागलेलं नसतानाही नियम पाळतो का. त्यामुळे कलमात 'फेडता न येणं' आणि 'फेडायची इच्छा नसणं' हे दोन वेगळे मुद्दे मांडले आहेत. पहिल्याबद्दल सहानुभूती असते. दुसऱ्याबद्दल जवळपास नाही.

आपल्याकडच्या लोकांचा एक गैरसमज इथे मोडतो. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे उलट आहे. १९८८ च्या 'नेव्ही विरुद्ध इगन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, आणि शंका असेल तर निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने झुकावा. म्हणजे सरकारने थकबाकी दाखवली की ती कशी सुटली हे सिद्ध करण्याचं काम तुमचं. तुमचा शब्द एकटा पुरत नाही, कागद लागतो.

पायरी पहिली: त्यांच्या आधी स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचा

इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर फुकट मिळतात, आता दर आठवड्याला काढता येतात. तिन्ही काढा. एखादं जुनं हॉस्पिटलचं बिल एकाच ब्युरोकडे दिसतं, दुसरीकडे नसतं. फोनवरच्या अ‍ॅपमधला स्कोअर इथे उपयोगाचा नाही, पूर्ण रिपोर्ट पीडीएफमध्ये उतरवून तारखेसह जपून ठेवा.

वाचताना तीन शब्दांवर थांबा. 'पास्ट ड्यू' म्हणजे हप्ता चुकला आहे. 'कलेक्शन' म्हणजे कर्ज वसुली एजन्सीकडे गेलं आहे. 'चार्ज-ऑफ' म्हणजे बँकेने आपल्या वहीत ते बुडीत धरलं आहे. हा तिसरा शब्द फसवतो. चार्ज-ऑफ झालं म्हणजे कर्ज माफ झालं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं, पैसे अजून देणं असतात, आणि बहुतेकदा ते खातं दुसऱ्या कंपनीला विकलेलं असतं. त्यामुळे एकच कर्ज रिपोर्टवर दोनदा, दोन नावांनी दिसू शकतं. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि मूळ बँकेचं नाव जुळवून हे ओळखा, नाहीतर पुढे क्लिअरन्सला आक्षेप घेणारं आरोपपत्र आलंच तर त्यात एकाच कर्जाची दोन कलमं होतात आणि तुम्ही दोन्हींना 'मान्य' लिहून मोकळे होता.

पायरी दुसरी: प्रत्येक कर्जाची एक ओळ

एक्सेल उघडा किंवा जुनी वही घ्या. प्रत्येक कर्जासमोर मूळ रक्कम, आजची रक्कम, आता ते कुणाकडे आहे, पहिला हप्ता कधी चुकला, का चुकला, त्यानंतर काय केलं, आणि कोणता कागद हातात आहे, एवढं लिहा. 'का चुकला' या रकान्यावर वेळ घालवा. नियमातच जी कारणं आपल्या हाताबाहेरची म्हणून मान्य आहेत ती अशी: नोकरी जाणं, धंदा बसणं, अचानक आलेलं मोठं आजारपण, मृत्यू, घटस्फोट किंवा विभक्त होणं, लुबाडणाऱ्या सावकारीचा बळी ठरणं, आणि ओळखचोरी. पण नुसतं कारण पुरेसं नाही. त्याच वाक्यात पुढे अट आहे की त्या परिस्थितीत माणूस जबाबदारीने वागला असला पाहिजे. नोकरी गेली हे ले-ऑफच्या पत्राने सिद्ध होतं. नोकरी परत लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही बँकेला फोन केला की नवी गाडी घेतली, हे बँक स्टेटमेंट सांगतं.

यासोबत महिन्याचं घरखर्चाचं अंदाजपत्रकही करा. हातात किती येतं, भाडं, विमा, किराणा, भारतात पाठवलेले पैसे, आणि कर्जफेडीला काय उरतं. पुढे प्रश्नावलीत हेच मागतात. आकडे आतल्या आत जुळले पाहिजेत. महिन्याला २०० डॉलर उरतात आणि हप्त्यांचं वचन ६०० चं दिलंय, असं दिसलं तर योजनेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

पायरी तिसरी: आधी टॅक्स, मग बाकी सगळं

यादीत इन्कम टॅक्स कुठेही असेल तर त्याला सगळ्यात वर घ्या. क्रेडिट कार्ड हा तुमचा आणि बँकेचा व्यवहार, टॅक्स हा तुमचा आणि सरकारचा, आणि क्लिअरन्स देणारंही तेच सरकार. फेडरल, राज्य आणि स्थानिक रिटर्न न भरणं किंवा कर न भरणं हा गाइडलाइन एफमधला स्वतंत्र मुद्दा आहे. संरक्षण खात्याच्या अपील बोर्डाच्या निकालांत रिटर्न न भरणाऱ्याबद्दलचा सूर कडक असतो: जो सरकारचा साधा नियम सोयीनुसार टाळतो तो गुप्त कागदांचे नियमही टाळेल. "रिफंडच येणार होता म्हणून भरला नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

काम तसं अवघड नाही. राहिलेले सगळे रिटर्न आधी भरा, पैसे नसले तरी भरा. रिटर्न न भरण्याचा दंड आणि कर न देण्याचा दंड वेगळे आहेत, पहिला बराच जड आहे. मग आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, वेबसाइटवरून हप्त्यांचा करार करा. ५० हजार डॉलरपर्यंत देणं असलेल्या व्यक्तीला तो ऑनलाइन करता येतो. करार झाल्यावर हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा, कारण नियमातली सवलत नुसत्या करारासाठी नसून करार पाळल्यासाठी आहे. पुरावा म्हणून आयआरएसच्या खात्यातून प्रत्येक वर्षाचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदींचा उतारा, काढा. टर्बोटॅक्ससारख्या रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमधली पीडीएफ एवढंच सांगते की तुम्ही रिटर्न तयार केला. तो पोहोचला हे ट्रान्सक्रिप्ट सांगतो. राज्याचा टॅक्स विसरू नका, नोकरीसाठी न्यू जर्सीतून मेरीलँडला आलेल्यांचा एखादा अर्धा वर्षाचा रिटर्न हमखास राहिलेला असतो.

पायरी चौथी: उरलेली कर्जं सोडवणं

इथे बरेच जण फार मोठं काहीतरी करायला जातात. सगळं एका दमात फेडण्याची अपेक्षा कुणी ठेवत नाही. अपील बोर्डाने वेळोवेळी म्हटलं आहे की अर्जदार पूर्ण कर्जमुक्त असलाच पाहिजे असं नाही, पण वाजवी योजना हवी आणि ती अंमलात आणायला सुरुवात झालेली हवी. 'सुरुवात झालेली' यावर जोर आहे. "क्लिअरन्स मिळाला, नोकरी लागली की देईन" या वचनाला वजन नसतं.

लहान थकबाकी आधी उडवा. ३०० डॉलरचं जिमचं किंवा केबलचं बिल ठेवून २० हजारांच्या कर्जावर वकिली करत बसलात तर चित्र वाईट दिसतं. आज जे परवडतं तेही फेडलेलं नाही, असा अर्थ निघतो. त्यानंतर ज्यांचं मोठं देणं आहे त्यांच्याशी बोला. वसुली एजन्सीने पहिल्यांदा कळवल्यावर ३० दिवसांच्या आत लेखी विचारणा केली तर कर्ज खरं असल्याचं दाखवल्याशिवाय त्यांना वसुली पुढे नेता येत नाही. ठरलेला करार पैसे देण्याआधी लेखी घ्या. कमी रकमेवर सेटलमेंट झालं तर चालतं, ते फेडणंच धरलं जातं. फक्त माफ झालेला भाग ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर कर्ज देणारा पुढच्या वर्षी १०९९-सी हा टॅक्सचा फॉर्म पाठवतो आणि तो भाग तुमचं उत्पन्न ठरू शकतो. कर्ज मिटवलं आणि त्याच्यावरचा टॅक्स बुडवला, असं करून पुन्हा याच कलमात परत येऊ नका.

टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या 'डेट सेटलमेंट' कंपन्यांपासून मी तरी लांब राहीन. त्यांचा साधा मार्ग असा की बँकेला हप्ते देणं बंद करा, आम्हाला द्या, कर्ज पुरेसं सडलं की आम्ही घासाघीस करू. इकडे रिपोर्टवर महिन्यामागून महिना थकबाकी वाढत जाते, नेमकी चौकशी चालू असताना. नियमात नाव घेतलंय ते ना-नफा क्रेडिट समुपदेशनाचं. 'नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंग' या संघटनेच्या सदस्य संस्था हे काम करतात, अंदाजपत्रक करून देतात आणि बऱ्याचदा बँकांकडून व्याजदरही कमी करून घेतात. तिथून मिळालेला लेखी आराखडा जपून ठेवा.

विद्यार्थी कर्ज फेडरल असेल तर रस्ता ठरलेला आहे. २७० दिवस हप्ता गेला नाही की ते डिफॉल्टमध्ये जातं. रिहॅबिलिटेशनमध्ये दहा महिन्यांत नऊ हप्ते भरले की ते पुन्हा सुरळीत होतं. हप्ता उत्पन्नानुसार ठरतो, त्यामुळे तो अगदी लहानही असू शकतो.

दिवाळखोरीने क्लिअरन्स आपोआप जात नाही. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. चॅप्टर १३ मध्ये कोर्टाच्या देखरेखीखाली तीन ते पाच वर्षं हप्ते जातात, म्हणून त्याकडे बऱ्या नजरेने बघितलं जातं. चॅप्टर ७ मध्ये बरीचशी कर्जं न फेडताच माफ होतात. तेही कायदेशीर आहे, पण तिथे कारण आणि नंतरचं वागणं दोन्ही तपासतात. आजारपणानंतरची एक दिवाळखोरी समजून घेतली जाते. दुसऱ्यांदा तोच रस्ता धरला तर समजावणं कठीण.

आता गणपतीतल्या काकांच्या सल्ल्याकडे. सात वर्षांनी नोंद रिपोर्टवरून जाते, हे खरं. काही वर्षांनी राज्याच्या मुदतीच्या कायद्यामुळे बँकेला दावा लावता येत नाही, हेही खरं. पण अपील बोर्डाचं मत ठाम आहे की मुदत टळण्याची वाट बघणं म्हणजे प्रामाणिक फेड नाही. तेच पगारातून सक्तीने कापून घेतलेल्या रकमेचं. कर्ज कमी झालं, पण ते तुम्ही केलं नाही.

कर्ज तुमचं नसेलच तर मात्र फेडू नका. ब्युरोकडे लेखी हरकत घ्या, त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. ओळखचोरी असेल तर फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्हवर तक्रार नोंदवा आणि पोलिसांतही द्या. "मला हे मान्य नाही" एवढं म्हणणं पुरत नाही, नियम वाजवी कारण आणि कागदी पुरावा दोन्ही मागतो.

पायरी पाचवी: भारतातला हिशेब

इथे मराठी अर्जदार जास्त अडकतात, कारण सगळेच अमेरिकेच्या क्रेडिट रिपोर्टकडे बघत बसतात आणि नाशिक-सांगलीतली फाइल कुणाच्या डोक्यातच नसते.

पहिली फाइल जामिनाची. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला किंवा मेहुण्याच्या दुकानाच्या कर्जाला तुम्ही कधीतरी सही केली असेल. भारतातल्या बँकेची थकबाकी अमेरिकी ब्युरोकडे दिसणार नाही. पण एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्ससाठी भरायचा फॉर्म, कर्ज कुठल्या देशातलं आहे असं विचारत नाही, आणि थकबाकीच्या प्रश्नात स्पष्ट लिहिलं आहे की तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असलेली देणीही धरा. म्हणून सीबिलचा रिपोर्ट काढा, शाखेतून थकबाकीचा दाखला मागवा. भावाला फोन करायला अवघड वाटतं, ते समजतं, पण चौकशी अधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा ही गोष्ट आठवण्यापेक्षा तो फोन बरा. शिक्षणासाठी काढलेलं आणि वडिलांनी हमी दिलेलं कर्जही याच यादीत येतं. ते वेळेवर जात असेल तर थकबाकी म्हणून लिहायचं नाही, पण कागद हाताशी ठेवा.

दुसरी फाइल टॅक्सची. अमेरिकन नागरिकाला जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत रिटर्न भरावा लागतो. एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातलं व्याज, फ्लॅटचं भाडं, आईबरोबरच्या जॉइंट एफडीचं व्याज, सगळं यात येतं. भारतात टीडीएस कापला गेला म्हणजे इथे दाखवायची गरज नाही, ही समजूत चुकीची आहे. त्याचा क्रेडिट मिळू शकतो, पण दाखवावं लागतं. शिवाय सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आईच्या खात्यावर तुमची नुसती सही चालत असेल तरी ते खातं मोजलं जातं. भारतातले म्युच्युअल फंड ही आणखी वेगळी डोकेदुखी, त्यासाठी हे काम जाणणारा सीपीए (अमेरिकेतला सीए) लागतो. मागची वर्षं अजाणतेपणी राहून गेली असतील तर आयआरएसची 'स्ट्रीमलाइन्ड' योजना त्यासाठीच आहे. ती तपास सुरू होण्याआधी स्वतःहून वापरायची असते.

तिसरी गोष्ट पैसे पाठवण्याची. फॉर्मच्या विसाव्या भागात परदेशी बँक खाती, मालमत्ता आणि परदेशी नागरिकाला दिलेली आर्थिक मदत विचारतात. आईवडिलांना दर महिन्याला पाठवलेले पैसे लिहा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हवालामार्गे पाठवले असतील तर मात्र फॉर्म भरण्याआधी वकिलाशी बोला.

पायरी सहावी: फॉर्म भरणं

एसएफ-८६ चा २६ वा भाग पैशाचा. त्यात मागच्या सात वर्षांतली दिवाळखोरी, राहिलेले रिटर्न आणि कर, कोर्टाचे निवाडे, जप्त झालेली गाडी किंवा घर, वसुलीला गेलेली बिलं, पगारातली कपात, आणि १२० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं कोणतंही देणं विचारलेलं असतं. जुगारामुळे आलेल्या आर्थिक अडचणीला मात्र सात वर्षांची मर्यादा नाही.

आज फेडून टाकलेलं कर्जही सात वर्षांत १२० दिवसांच्या वर थकलं असेल तर लिहायचंच. "आता तर मिटलंय" म्हणून 'नाही' वर टिचकी मारणं ही सगळ्यात वाईट निवड. थकबाकी गाइडलाइन एफमध्ये राहते, पण जाणूनबुजून लपवली की प्रकरण गाइडलाइन ई, म्हणजे वर्तणुकीच्या कलमात जातं. तिथे समुपदेशन किंवा हप्त्यांचा करार कामाला येत नाही. वर सरकारला खोटी माहिती देणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा फेडरल गुन्हा आहे. २,८०० डॉलरच्या थकबाकीसाठी कुणी हा धोका पत्करावा, हे मला कधी समजलं नाही, पण निकाल वाचले की असे लोक दिसत राहतात.

प्रत्येक नोंदीला टिप्पणीची जागा असते. तिथे थोडक्यात आणि तारखांसह लिहा. इंग्रजीत लिहायचं असतं, आशय साधारण असा असावा: "मार्च २०२३ मध्ये नोकरी गेली, सात महिने काम नव्हतं. जूनपासून कार्डाचे हप्ते थांबले. ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली. जानेवारी २०२४ मध्ये एजन्सीशी महिना १५० डॉलरचा लेखी करार, त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही. करार आणि पावत्या उपलब्ध." बँकेला दोष देणारा परिच्छेद नको, आणि कौटुंबिक गोष्टीचा पाल्हाळही नको.

पायरी सातवी: मुलाखत आणि प्रश्नावली

चौकशी अधिकारी मुलाखतीत तुमच्या क्रेडिट रिपोर्टमधली एकेक नोंद काढतो. तुमची वहीतली यादी सोबत न्या. आकडा आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका, "कागद बघून कळवतो" म्हणा आणि खरंच कळवा. मुलाखतीत तुम्ही म्हणालात की पुढच्या महिन्यात एजन्सीला फोन करतो, तर ते वाक्य अहवालात जातं, आणि नंतर फोन झाला की नाही हे तपासलं जातं.

काही महिन्यांनी लेखी प्रश्नावली येऊ शकते, प्रत्येक कर्जाची आजची स्थिती आणि पुरावे मागणारी. ती आली म्हणजे घाबरायचं नाही, पण सुट्टीवरून आल्यावर बघू असंही करायचं नाही. बरीच प्रकरणं इथेच मिटू शकतात. प्रत्येक कर्जाला एक टॅब, त्यात करार, पावत्या, बँक स्टेटमेंटमधल्या संबंधित ओळी. कागद नाही तिथे कागद मिळवायला काय केलं याचं ईमेल लावा.

पायरी आठवी: आरोपपत्र आलं तर

शंका मिटली नाही तर 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' येतं. त्यात १.ए, १.बी असे एकेक कर्जाचे आरोप असतात. कंत्राटदार कर्मचाऱ्याला मिळाल्यापासून २० दिवसांत शपथेवर उत्तर द्यावं लागतं, प्रत्येक आरोपाला 'मान्य' किंवा 'अमान्य', आणि खाली स्पष्टीकरण. मुदत वाढवून मागता येते, पण ती उलटण्याआधी मागा. उत्तर दिलंच नाही तर प्रक्रिया तिथेच थांबवली जाऊ शकते. या टप्प्याला या कामातल्या अनुभवी वकिलाची फी परवडत असेल तर ती द्या, निदान उत्तर एकदा तपासून घ्या.

मग निवड असते: डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्सच्या न्यायाधीशासमोर सुनावणी, किंवा नुसत्या कागदांवर निर्णय. सुनावणी मागायला लोक बिचकतात आणि कागदांवर सोडतात. माझ्या मते कर्जाच्या प्रकरणात सुनावणीच घ्यावी. तुम्ही कसे बोलता, आकडे तुम्हाला माहीत आहेत का, न्यायाधीशाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देता का, हे कागदावरून कळत नाही. शिवाय सुनावणीनंतर काही दिवस राहिलेले कागद जोडायची परवानगी न्यायाधीश बहुतेकदा देतात. कागदांवरच्या निर्णयात सरकारची फाइल मिळाल्यावर ३० दिवसांत एकदा उत्तर, एवढीच संधी. साक्षीला जोडीदाराला किंवा जुन्या मॅनेजरला बोलावता येतं.

तयारी म्हणून या कार्यालयाचे जुने निकाल वाचा. नावं काढून ते इंटरनेटवर ठेवलेले असतात आणि कुणालाही वाचता येतात. आपल्यासारखंच कर्ज असलेला अर्जदार शोधा, तो जिंकला तर कोणत्या कागदावर आणि हरला तर कशामुळे ते बघा. आरोपपत्र हातात पडल्यावर धावपळ करून भरलेल्या हप्त्यांना किती कमी वजन मिळतं, हे तिथे पानोपानी दिसतं. म्हणूनच वरच्या पायऱ्या फॉर्म यायच्या आधी सुरू करायच्या.

निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत अपिलाची सूचना द्यावी लागते. अपील बोर्ड नवा पुरावा घेत नाही, फक्त न्यायाधीशाची चूक झाली का ते बघतं.

क्लिअरन्स मिळाल्यावर

पूर्वी पाच-दहा वर्षांनी पुन्हा चौकशी व्हायची, मधला काळ निवांत असायचा. आता सतत तपासणीची पद्धत आहे, क्रेडिटमधला मोठा बदल यंत्रणेला आपोआप दिसतो. दिवाळखोरी किंवा १२० दिवसांच्या वर थकलेलं देणं स्वतःहून कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवावं लागतं. टॉप सीक्रेटवाल्यांना पगारातली सक्तीची कपात आणि १० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त अनपेक्षित आलेली रक्कमही कळवावी लागते, आणि त्यात वारसाहक्क येतो. साताऱ्याची वडिलोपार्जित जमीन विकून तुमच्या वाट्याचे पैसे आले तर खरेदीखत, वाटणीपत्र आणि बँकेची नोंद घेऊन आधी सिक्युरिटी ऑफिसरकडे जा, मगच त्यातून घराचं कर्ज फेडा.

आणि क्लिअरन्स नाकारला गेला असेल तर नकाराच्या पहिल्या निर्णयापासून एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही. वर्षानंतरही आधी कुठल्यातरी कंपनीने तुमचं नाव पुढे करावं लागतं, आणि ज्या कारणाने नकार मिळाला ते कारण आता उरलेलं नाही याचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा त्या वर्षातले बाराही हप्ते वेळेवर भरा आणि बाराही पावत्या त्याच फाइलमध्ये लावा.